पलटणीतून चौकशी निघाली तर काय करावे

सातारा जिल्ह्यात फौजेत माणूस असलेली घरे गावोगाव आहेत आणि अपशिंग्याच्या तर नावालाच 'मिलिटरी' जोडलेले आहे. भरती, सुट्टी, बदली आणि पेन्शन यांचे व्यवहार या घरांना तोंडपाठ असतात. मात्र मुलाच्या युनिटमध्ये चोरी झाली, लष्करी पोलिसांनी त्याचा जबाब घेतला किंवा त्याच्या प्रकरणी 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' बसली, असा फोन आला की घरातल्या कोणालाच काही सुचत नाही, आणि मग पारावर किंवा एसटी स्टँडवर जे कानावर पडेल त्यावर निर्णय घेतले जातात. 'कशावरही सही करू नकोस', 'सगळे कबूल कर, साहेब सोडून देतील' आणि 'थोडे दिवस घरीच थांब, प्रकरण निवळेल' हे तीन सल्ले सर्रास दिले जातात. पहिले दोन अर्धवट आहेत आणि तिसरा नोकरी घालवणारा आहे.

लष्करातील चौकशीत सांगितलेल्या प्रत्येक शब्दाचे वजन तो कोणत्या टप्प्यावर, कोणापुढे आणि कोणत्या नियमाखाली सांगितला यावर ठरते. म्हणून जवानाने आणि त्याच्या घरच्यांनी सर्वांत आधी एकच गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे प्रकरण सध्या कोणत्या टप्प्यावर आहे. पुढील माहिती भूदलाला लागू असलेल्या आर्मी अ‍ॅक्ट, १९५० आणि आर्मी रूल्स, १९५४ यांवर आधारलेली आहे. हवाई दलाचा कायदा १९५० चाच पण वेगळा आहे आणि नौदलाचा १९५७ चा आहे. त्यामुळे तिकडच्या जवानाने इथले कलम क्रमांक जसेच्या तसे वापरू नयेत.

तपास करणारे कोण आणि ठरवणारे कोण

लाल टोपी आणि दंडावर 'एमपी' अशी पट्टी असलेले लष्करी पोलीस लोकांना छावणीच्या फाटकावर किंवा लष्करी वाहनांच्या ताफ्यापुढे दिसतात, त्यामुळे ते फक्त वाहतूक सांभाळतात असा समज आहे. प्रत्यक्षात 'कोअर ऑफ मिलिटरी पोलीस' हा स्वतंत्र विभाग असून त्याचे प्रशिक्षण केंद्र बेंगळुरू येथे आहे. शिस्त राखणे, युद्धकैद्यांची व्यवस्था पाहणे, छावणीतील चोरी, मारहाण, विनयभंग, अफरातफर अशा प्रकरणांचा तपास करणे आणि गरज पडेल तेव्हा मुलकी पोलिसांना मदत करणे ही त्याची कामे आहेत. जवान म्हणून महिलांची पहिली भरतीही याच विभागात झाली. तो निर्णय २०१९ मध्ये जाहीर झाला आणि ८३ महिलांची पहिली तुकडी ८ मे २०२१ रोजी बेंगळुरू येथून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. महिलांशी संबंधित गुन्ह्यांत जबाब नोंदवताना याचा उपयोग होतो, हे वेगळे सांगायला नको.

लष्करी पोलिसांच्या अधिकाराला कायद्याने स्पष्ट मर्यादा घातल्या आहेत. कलम १०७ प्रमाणे प्रोव्होस्ट मार्शल, म्हणजे लष्करी पोलिसांचा नेमलेला अधिकारी, आणि त्याच्या अखत्यारीतील कर्मचारी आर्मी अ‍ॅक्ट लागू असलेल्या व्यक्तीला गुन्ह्याबद्दल अटक करू शकतात, परंतु अधिकाऱ्याला अटक करायची झाल्यास दुसऱ्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि स्वतःच्या अधिकारात शिक्षा देता येत नाही. त्यांनी केलेला तपास अहवालाच्या रूपाने वर जातो. पुढे काय करायचे याचा पहिला निर्णय जवानाचा कमांडिंग ऑफिसर, म्हणजे युनिटचा प्रमुख, घेतो आणि गुंतागुंतीच्या प्रकरणात तो जज अ‍ॅडव्होकेट जनरल विभागाचा कायदेशीर सल्ला मागवतो. त्यामुळे तपास करणाऱ्या हवालदाराची किंवा सुभेदाराची मनधरणी करण्यात वेळ घालवू नये. त्याच्या हातात माफीही नसते आणि शिक्षाही नसते.

साताऱ्यातील भावाला, वडिलांना किंवा पत्नीला लष्करी पोलीस अटक करू शकत नाहीत. नागरिकाची साक्ष कोर्टमार्शलमध्ये हवी असेल तर समन्स तो राहतो त्या भागातील मॅजिस्ट्रेटकडे पाठवले जाते आणि मॅजिस्ट्रेट ते स्वतःच्या न्यायालयाचे समन्स असल्याप्रमाणे बजावतो. कोणी मोबाइलवर 'मिलिटरी पोलिसातून बोलतोय, मुलाला सोडवायचे असेल तर इतके पैसे टाका' असे म्हणाला, ओळखपत्राचा किंवा कॅन्टीन कार्डाचा फोटो पाठवला, तर तो भामटा आहे असे समजून थेट युनिटच्या कार्यालयात फोन करावा आणि स्थानिक पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. भरतीत निवड करून देतो म्हणणाऱ्या दलालांचेही तेच. सातारा आणि सांगली हे जिल्हे कोल्हापूरच्या भरती कार्यालयाच्या कक्षेत येतात. खात्री करायची असेल तर तिथे करावी. दलाल नागरिक असल्यामुळे गुन्हा मात्र स्थानिक पोलीसच नोंदवतात.

स्थानिक पोलीस की लष्कर

सुट्टीवर आलेल्या जवानाचे गावच्या यात्रेत किंवा बांधाच्या वादातून भांडण झाले आणि तालुक्याच्या ठाण्यात गुन्हा दाखल झाला, तर तपास स्थानिक पोलीसच करतात. चोरी, मारहाण, फसवणूक यांसारखे मुलकी गुन्हे कलम ६९ मुळे कोर्टमार्शलपुढेही चालू शकतात, त्यामुळे अशा प्रकरणात दोन्ही न्यायव्यवस्थांना अधिकार असतो आणि आरोपी लष्कराच्या ताब्यात द्यावा की फौजदारी न्यायालयात चालवावा, हा प्रश्न कलम १२५, कलम १२६ आणि १९७८ च्या नियमांनुसार सुटतो. लष्करी कायदा लागू नसलेल्या व्यक्तीचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार यांचा खटला मात्र कलम ७० प्रमाणे फौजदारी न्यायालयातच चालतो. गुन्हा प्रत्यक्ष युद्धसेवेत, देशाबाहेर किंवा अधिसूचित सीमाचौकीवर घडला असेल तेवढाच अपवाद.

अशा वेळी जवानाने ठाण्यात आपला नंबर, हुद्दा आणि युनिटचा पूर्ण पत्ता लगेच सांगावा आणि त्याच दिवशी युनिटलाही कळवावे. गुन्हा दाखल झाल्याचे लपवून कामावर हजर होण्याकडे अनेकांचा कल असतो, तो चुकीचा आहे. आपसात मिटणारे भांडण एकवेळ मिटेल, परंतु दडवलेली माहिती पुढे पदोन्नतीच्या किंवा मुदतवाढीच्या वेळी उघड झाली की तिच्यामुळे शिस्तीचे वेगळे प्रकरण उभे राहते.

तपास प्रत्यक्षात कसा चालतो

समजा, युनिटच्या शस्त्रागारात, म्हणजे कोतमध्ये, सकाळच्या मोजणीत बंदुकीचे एक मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, कमी भरले. मुरलेला तपासनीस माणसांकडे नंतर वळतो, आधी रजिस्टरे ताब्यात घेतो. हत्यार देण्याघेण्याची नोंद, चावी कोणाकडून कोणाकडे गेली त्याची नोंद, गार्डच्या पाळ्यांचा तक्ता, आऊटपास आणि सुट्टीची नोंद, गाडीचे लॉगबुक अशा सगळ्या वह्या एकमेकींशेजारी उघडून तो एकाच तासाच्या नोंदी ताडून पाहतो. रात्री दोनच्या पाळीवर असलेल्या जवानाची सही चावीच्या वहीत सायंकाळी सहाला आहे, पण गाडीच्या लॉगबुकात तोच जवान सहाला स्टेशनवर आहे, अशी विसंगती सापडली की चौकशीला दिशा मिळते. एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेल्या आठवड्याभराच्या सह्या, खाडाखोड, आद्याक्षरांचा बदललेला वळसा या गोष्टी तो भिंगाशिवायही ओळखतो. त्यामुळे मोजणी न करताच सही करण्याची सवय जवानाला अशा दिवशी अडचणीत आणते, भले मॅगझिनला त्याने हातही लावलेला नसो.

आपल्याकडून जबाब घेतला जाणार असे कळताच जवानाने आपल्या पाळीचा दिवस आठवून एका कागदावर तास, ठिकाण आणि सोबत असलेल्यांची नावे लिहून ठेवावीत. जे आठवत नाही ते 'आठवत नाही' असेच सांगावे, कारण अंदाजाने सांगितलेली वेळ वहीतल्या नोंदीशी जुळली नाही की खरे बोलणाऱ्यावरही संशय येतो. जबाब इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिला गेला असेल तर तो वाचून आणि समजावून घेतल्याशिवाय सही करू नये, चूक असेल तर दुरुस्ती करून मागावी. 'कशावरही सही करू नकोस' या सल्ल्यातला ग्राह्य भाग एवढाच.

मोबाइलचा पुरावा हल्ली बहुतेक प्रकरणांत असतो. कोर्टमार्शलला साक्षीपुराव्याचा सर्वसाधारण कायदाच लागू आहे आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष अधिनियम आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात दाखल करताना सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणातून आपला निर्दोषपणा दिसतो असे जवानाला वाटत असेल, तर नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. मूळ संभाषण ज्या फोनवर आहे तो फोन विकू नये, फॉरमॅट करू नये आणि दुरुस्तीलाही देऊ नये. घरच्यांच्या फोनमध्ये असलेल्या संदेशांनाही हेच लागू आहे.

चार टप्पे

पहिला टप्पा प्राथमिक तपासाचा. लष्करी पोलीस किंवा युनिटने नेमलेला अधिकारी माहिती गोळा करतो. इथे जवान बहुधा साक्षीदार म्हणून बोलत असतो, पण साक्षीदाराचा संशयित व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा टप्पा कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा. नावात 'कोर्ट' असले तरी ती न्यायालय नव्हे. नियम १७७ प्रमाणे पुरावा गोळा करून मागितल्यास मत कळवणारे ते अधिकाऱ्यांचे मंडळ असते आणि त्यात ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर किंवा इतर हुद्देदारही असू शकतात. ती कोणाला शिक्षा देत नाही. या टप्प्यावरचा सर्वांत मोलाचा अधिकार नियम १८० मध्ये आहे. चौकशीत एखाद्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर ठपका येण्याची शक्यता दिसली, तर त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर राहण्याची, स्वतःचे म्हणणे मांडण्याची, साक्षीदार आणण्याची आणि विरोधी साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची पूर्ण संधी द्यावी लागते. जवानाला बाहेर बसवून आत साक्षी घेतल्या जात असतील, तर त्याने पीठासीन अधिकाऱ्याकडे नियम १८० चा उल्लेख करून आदराने पण लेखी मागणी करावी. तोंडी मागणीची नोंद राहत नाही. नियम १८२ प्रमाणे या चौकशीतील कबुलीजबाब किंवा निवेदन त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, मात्र जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्याचा खटला त्याला अपवाद आहे आणि साक्षीदाराची उलटतपासणी करताना त्या कामकाजाचा आधार घेता येतो. 'सगळे कबूल कर' म्हणणारे लोक इथे दोन गोष्टींची गल्लत करतात. कबुली थेट पुरावा होत नसली तरी तिच्यातून हाती लागलेले धागे पुढचा पुरावा उभा करतातच, आणि न केलेल्या कृत्याची कबुली तर कोणत्याही टप्प्यावर देऊ नये.

तिसरा टप्पा नियम २२ चा, म्हणजे कमांडिंग ऑफिसरपुढे आरोप ऐकण्याचा. हा टप्पा अनेकदा काही मिनिटांत उरकतो, पण तो हलका नाही. आरोपीच्या उपस्थितीतच तो व्हावा लागतो, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची आणि आपले साक्षीदार आणण्याची त्याला मुभा असते, आणि आरोपात तथ्य नाही असे दिसल्यास कमांडिंग ऑफिसर तो तिथेच फेटाळू शकतो. सुट्टीचा दाखला, रेल्वेचे तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी असा साधा आणि निर्णायक कागद हाताशी असेल तर तो इथेच पुढे करावा, कोर्टमार्शलसाठी राखून ठेवू नये.

चौथा टप्पा 'समरी ऑफ एव्हिडन्स'चा. नियम २३ प्रमाणे साक्षीदारांचे म्हणणे आरोपीसमोर लिहून घेतले जाते, आरोपी त्यांची उलटतपासणी करू शकतो आणि ती प्रश्नोत्तरे नोंदली जातात. त्यानंतर आरोपीला काही सांगायचे आहे का असे विचारले जाते. सांगण्याची सक्ती नाही, परंतु जे सांगितले जाईल ते लिहून घेतले जाईल आणि पुराव्यात येऊ शकेल, अशी सूचना त्याला आधी द्यावी लागते. ही सूचना कानावर पडली की आता वजन बदलले हे ओळखावे. इथे गप्प राहण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि खरा, छोटा, मुद्द्यापुरता जबाब देण्याचाही आहे. रागाच्या भरात तिसऱ्याच सहकाऱ्याचे नाव गोवणारा लांबलचक जबाब मात्र देऊ नये.

जवानाला अटकेत ठेवले असेल, तर कलम १०२ प्रमाणे आरोपाची चौकशी न करता ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि सेवेच्या गरजेमुळे तसे करावे लागल्यास कमांडिंग ऑफिसरला वर अहवाल द्यावा लागतो. युद्धसेवेत नसताना आठ दिवसांत कोर्टमार्शलचा आदेश निघाला नाही, तर दर आठ दिवसांनी विलंबाचे कारण कळवावे लागते. घरच्यांनी युनिटला फोन करताना हुज्जत न घालता एवढेच विचारावे: अटक कोणत्या तारखेपासून आहे, 'ओपन' (ठरावीक हद्दीत मोकळे) आहे की 'क्लोज' (पहाऱ्यात कोंडून), आणि समरी ऑफ एव्हिडन्स सुरू झाली का. उत्तरे तारखेसह वहीत लिहून ठेवावीत.

सुट्टी संपली आणि जवान घरीच आहे

सातारा जिल्ह्यातील घरांपर्यंत पोहोचणारी लष्करी प्रकरणे बहुधा याच प्रकारची असतात. आई आजारी आहे, बायकोचे बाळंतपण अडले आहे, भावकीचा दावा निकाली निघायचा आहे, म्हणून जवान दोन दिवस जास्त थांबतो. मग साहेब रागावतील या भीतीने आणखी आठ दिवस थांबतो. फौजेच्या बोलीत याला 'ओएसएल', म्हणजे सुट्टीपेक्षा जास्त थांबणे, म्हणतात आणि कलम ३९ खाली तो गुन्हा आहे. परत न जाण्याच्या हेतूने गैरहजर राहणे हा कलम ३८ चा, म्हणजे पळून गेल्याचा गुन्हा असून तो कितीतरी गंभीर आहे. दोहोंतला फरक हेतूचा आहे, आणि हेतू कागदांवरून व वागण्यावरून ठरवला जातो. म्हणून सुट्टी संपण्याआधीच मुदतवाढ मागावी. फोनवर सांगितले तरी अर्ज स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी. जवान स्वतः आजारी असेल तर जवळच्या लष्करी रुग्णालयात, म्हणजे आपल्याकडून पुण्याला जावे, आणि तितका प्रवास झेपणारा नसेल तर साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात किंवा अन्य सरकारी रुग्णालयात दाखल होऊन तसे युनिटला कळवावे. ओळखीच्या खासगी डॉक्टरकडून मागाहून मिळवलेला दाखला तपासनिसाला लगेच कळतो.

जवान परतला नाही तर कमांडिंग ऑफिसर त्याच्या मूळ जिल्ह्याच्या पोलिसांना लेखी कळवतो, ज्याला 'अ‍ॅप्रिहेन्शन रोल' म्हणतात. तो कागद पोलीस अधीक्षक कार्यालयातून ठाण्यात येतो आणि मग अंमलदार पोलीस पाटलांना घेऊन दारात उभा राहतो. कलम १०५ प्रमाणे पळून आलेल्या जवानाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि त्याला विनाविलंब जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावे लागते. गैरहजेरीला ३० दिवस झाले की कलम १०६ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, गैरहजेरी आणि कमी भरलेले सरकारी साहित्य यांची नोंद होते, आणि त्यानंतरही तो हजर झाला नाही किंवा पकडला गेला नाही, तर कायद्याने तो पळालेला मानला जातो. एरवी कोर्टमार्शलला असलेली तीन वर्षांची मुदत या गुन्ह्याला लागू नाही, त्यामुळे लपून वर्षे काढल्याने खटला टळत नाही.

घरच्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की पळालेल्या जवानाला जाणूनबुजून आसरा देणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. पती-पत्नीला त्यातून सूट आहे, आई-वडील आणि भावांना नाही. म्हणून 'थोडे दिवस घरीच थांब' म्हणण्याऐवजी त्याला सोबत घेऊन युनिटमध्ये, ते दूर असेल तर जवळच्या लष्करी ठाण्यावर किंवा रेजिमेंटल सेंटरवर हजर करावे आणि हजर झाल्याचा तारखेचा कागद मागून घ्यावा. आपणहून परतलेला आणि पोलिसांनी पकडून आणलेला यांच्या प्रकरणाकडे पाहण्याची दृष्टी वेगळी असते. मुदतवाढीच्या अर्जाची पावती आणि दवाखान्याचे कागद त्याच्याबरोबर द्यावेत.

सुट्टीतील अपघात

अपघाताच्या चौकशीत माझ्या मते घरचे लोक सर्वांत जास्त हयगय करतात, कारण ती गुन्ह्याची चौकशी वाटत नाही. महामार्गावर किंवा खंबाटकी घाटात मोटारसायकलचा अपघात झाला, तर दुखापत सेवेशी संबंधित होती का, हे युनिट कोर्ट ऑफ इन्क्वायरी आणि इंज्युरी रिपोर्टच्या आधारे ठरवते आणि अपंगत्वाची पेन्शन त्यावर अवलंबून असते. निव्वळ सुट्टीवर असणे पुरेसे धरले जात नाही, सेवेशी काही संबंध दाखवावा लागतो. जवान घरून युनिटकडे निघालेला असताना अपघात झाला असेल तर ते मुद्दाम नोंदवून घ्यावे. पोलीस ठाण्याची नोंद, घटनास्थळाचा पंचनामा, रुग्णालयाचे केसपेपर, परवाना, सुट्टीचा दाखला आणि प्रवासाचे तिकीट यांच्या साक्षांकित प्रती त्याच आठवड्यात गोळा कराव्यात. कागदांची अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पत्रव्यवहारात मदत करते.

कोर्टमार्शल आणि त्यानंतर

जनरल किंवा डिस्ट्रिक्ट कोर्टमार्शलमध्ये आरोपीला बचावासाठी अधिकारी किंवा वकील घेता येतो, आणि समरी ऑफ एव्हिडन्सची प्रत खटल्यापूर्वी निदान चार दिवस आधी विनामूल्य मिळते. समरी कोर्टमार्शल मात्र एकटा कमांडिंग ऑफिसर चालवतो आणि दोन जण केवळ उपस्थित राहतात. तिथे आरोपीला सल्ल्यासाठी एक 'फ्रेंड' सोबत घेता येतो, तो वकीलही असू शकतो. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचा असेल तर या कोर्टमार्शलमध्ये एक वर्षापर्यंत कैद आणि बडतर्फीही होऊ शकते. ज्याच्याविरुद्ध आपण तक्रार केली आहे तोच न्याय करायला बसला असेल, तर हरकत तिथल्या तिथे नोंदवावी. रणजित ठाकूर या सिग्नलमनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये नेमक्या अशा कारणाने, आणि जेवण घेण्याचा आदेश मोडल्याबद्दल एक वर्ष कैद व बडतर्फी ही शिक्षा प्रमाणाबाहेर होती म्हणून, संपूर्ण कार्यवाही रद्द केली.

शिक्षेविरुद्ध कलम १६४ खाली लष्करी अधिकाऱ्यांकडे किंवा केंद्र सरकारकडे अर्ज करता येतो. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे अपीलही करता येते. महाराष्ट्रातील प्रकरणे मुंबई खंडपीठाकडे जातात. कोर्टमार्शलच्या कामकाजाची प्रत मागण्याचा हक्क नियम १४७ ने दिलेला आहे, पण कामकाज कायमचे जपून ठेवले जात नाही, म्हणून शिक्षा कायम झाल्याचे कळताच मागणीचा अर्ज द्यावा. सातारच्या फौजदारी न्यायालयात नावाजलेला वकील लष्करी कायद्यात मुरलेला असेलच असे नाही. न्यायाधिकरणात नियमित काम करणारा वकील पाहावा आणि पहिल्याच भेटीला चार्जशीट, समरी ऑफ एव्हिडन्स, शिक्षेचा आदेश आणि आजवर दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोचपावती सोबत न्यावी.